भोंग्याच्या गावचे संगीत



रसायनशास्त्राच्या पुस्तकात शिसे, पारा, कॅडमियम यांना जड धातू म्हटलेले आहे. ते पोटात गेले तर अपाय होतो, असेही तिथेच पुढे सांगितलेले असते. मी आज ज्या जड धातूविषयी बोलणार आहे तो पोटात जात नाही, कानात जातो. 'हेवी मेटल' या नावाचे हे विलायती संगीत. त्यानेही अपाय होतो असे मानणारी मंडळी पुष्कळ आहेत, आणि त्यांतली काही माझ्याच घरात आहेत. त्यांचे म्हणणे असे, की याला संगीत म्हणायचे तर पत्र्याच्या शेडवर पडणाऱ्या गारांनाही भैरवी म्हणायला हवे. या तक्रारीचा निकाल लावायला मी आलेलो नाही. माणसाला एखादी गोष्ट मनापासून आवडली, की तिच्याविषयी बोलायला तो निमित्त शोधत असतो. ते आज मिळाले, एवढेच.

मी राहणारा अंबरनाथचा आणि पेशाने टूलरूममधला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही मध्य रेल्वेवरची एकापाठोपाठ एक येणारी तीन स्टेशने. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले गाव. १९४९ साली त्याला हे नाव मिळाले, पण पत्ता सांगताना माणसे अजून 'कॅम्प नंबर अमुक' असेच सांगतात. अंबरनाथला लष्कराचा माल बनवणारी ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, आगपेट्यांचा विमको कारखाना होता, आणि औद्योगिक वसाहतीतले लहानमोठे कारखाने तर किती सांगावेत! बदलापूर त्यामानाने शांत. पण तिथलीही निम्मी माणसे पहाटेची गाडी गाठून कुठल्या तरी यंत्रापुढे नाहीतर टेबलापुढे जाऊन बसतात. अशा भागात वाढलेल्या कानाला हे संगीत परके वाटत नाही, असा माझा अनुभव आहे. का वाटत नाही, ते सांगतो.

इंग्लंडात बर्मिंगहॅम नावाचे शहर आहे. मोटारी, पत्रा, लोखंड यांचे शहर. तिथल्या एका पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा कामाला होता. गिटार छान वाजवायचा. एका बँडबरोबर युरोपात जायचे ठरले म्हणून त्याने नोकरी सोडली. कामाचा शेवटचा दिवस. जेवणाच्या सुट्टीनंतर परत जायचे त्याच्या मनात नव्हते, पण आई म्हणाली, काम पुरे करून ये. परत गेला. त्या दिवशी प्रेसवरचा नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून त्या जागी याला बसवले. प्रेस खाली आली आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

ही हकीकत आमच्या वसाहतीतल्या कुणालाही सांगा, तो पुढचे विचारत नाही. प्रेसवर नवखा माणूस बसवला की काय होते, ते त्याला ठाऊक असते.

पुढे त्याच्या कारखान्यातला फोरमन त्याला भेटायला आला तो एक तबकडी घेऊन. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे कायमची निकामी झाली होती, आणि तरी तो युरोपातला नामांकित वादक झाला. पोराने ती तबकडी ऐकली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या केल्या, घासून मापात आणल्या, वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात, म्हणून बेंजोच्या पातळ तारा लावल्या. (हा बेंजो तिकडचा; आपल्या मिरवणुकीतला नव्हे.) आणखी काही वर्षांनी, १९७१च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' या अल्बममध्ये, त्याने बऱ्याच गाण्यांत तारा तीन अर्धस्वरांनी खाली उतरवल्या. तारा ढिल्या झाल्या, बोटांना सोपे गेले, आणि आवाज मात्र असा खोल आणि जड झाला, की जगभरचे वादक आजतागायत तो काढू पाहतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची दहाही बोटे शाबूत आहेत.

त्याच्या बँडचे नाव ब्लॅक सॅबथ. चौघेही त्याच शहरातले. गायक ऑझी ऑस्बर्नचे वडील रात्रपाळीचे टूलमेकर. म्हणजे माझ्याच धंद्यातले, म्हणून मला त्यांचा जरा अधिक आपलेपणा. ऑझी स्वतः काही काळ मोटारींचे भोंगे सुरात लावायच्या कामावर होता. दिवसभर भोंगा वाजवून बघायचा, आणि संध्याकाळी घरी! त्यांचा पहिला अल्बम एका दिवसात, बारा तासांत, म्हणजे आपल्या हिशेबाने दीड पाळीत मुद्रित झाला आणि १३ फेब्रुवारी १९७० रोजी बाजारात आला.

त्यातले पहिलेच गाणे ऐका. आधी पाऊस पडतो, घंटा वाजते, आणि मग गिटारवर अगदी सावकाश तीन स्वर येतात: खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. बस्स. या अंतराला युरोपातल्या जुन्या संगीतज्ञांनी 'संगीतातला सैतान' म्हणून ठेवले होते. आपल्याकडे सैतान नाही. आपल्याकडे मारवा आहे. पंचम वर्ज्य करून संध्याकाळच्या वेळी तीव्र मध्यम लावला, की जिवाला जी हुरहूर लागते, तिची आपल्या कानाला सवय आहे. म्हणून मला वाटते, की हे गाणे विलायती माणसाला भिववते, आणि मराठी माणसाला, त्याने दोन मिनिटे धीर धरला तर, उदास करते.

दुसरी एक गंमत. या संगीतात गिटारवर जो जाडजूड आवाज येतो, ज्याला तिकडे 'पॉवर कॉर्ड' म्हणतात, त्यात असते काय? षड्ज आणि पंचम. आपला तंबोराही तेच तर म्हणत असतो! गंधार घातला तर फाटलेल्या आवाजात तो गढूळ होतो, म्हणून काढून टाकतात. आणि आवाज 'फाटलेला' असतो तो चुकून नव्हे. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावतात, तेव्हा तारेतून जे गुंजन उठते, त्यासाठी गवई तास तास बसतो. ही मंडळी तीच खटपट विजेवर करतात. नजाकत सारखी नाही, मान्य. पण नाद भरून यावा ही इच्छा एकच. तिसरी गोष्ट 'रिफ'. गिटारवरचा छोटा स्वरसमूह, पुन्हा पुन्हा तोच. तबल्याच्या साथीला पेटीवर लेहरा धरतात ना, तसा. आपल्याकडे लेहरा मागे आणि तबला पुढे. इथे लेहराच वरात घेऊन पुढे चालतो.

मग जुडास प्रीस्ट. हेही त्याच लोखंडी मुलखातले. त्यांच्या १९८०च्या अल्बमचे नावच 'ब्रिटिश स्टील', आणि वेष्टनावर दाढीचे पाते. गिटारवादक ग्लेन टिप्टन पूर्वी त्या नावाच्या पोलाद कंपनीत नोकरीला होता. त्यातल्या 'मेटल गॉड्स' या गाण्यात लोखंडी राक्षसांची पलटण चालत येते. तो आवाज कसा काढला? काटेचमच्यांचा ट्रे हलवून! आमच्या स्वयंपाकघरातून असा आवाज आला, तर मी चहा मागायला जात नाही.

आयर्न मेडन लंडनचे. त्यांची लय म्हणजे घोड्याची दौड: एक लांब, दोन आखूड. बदलापुरात पूर्वी घोडे बदलत म्हणून ते नाव, असे लोक सांगतात. खरे असो वा नसो, 'द ट्रूपर' हे १९८३चे गाणे मला बदलापूरच्या गाडीत ऐकायला आवडते. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली इंग्रज घोडदळ चुकीच्या हुकुमावरून तोफांच्या तोंडी गेले, त्याची ती कहाणी. त्यांचेच दुसरे एक गाणे आहे, कोलरिजच्या वृद्ध खलाशाच्या काव्यावर रचलेले, १९८४च्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बममधले. साडेतेरा मिनिटांच्या वर चालते. बदलापूरला दरवाजात उभे राहून लावले, तर गाडी वेळेवर असताना उल्हासनगर येईतो जहाज साधारण किनाऱ्याला लागते. गाडी सिग्नलला थांबली तर खलाशी बुडतो. १ फेब्रुवारी २००८ रोजी या मंडळींनी आपल्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलात केली, आणि त्यात हे गाणे पुरेपूर वाजवले. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. आपल्या बँडचे विमान तो स्वतः चालवत मुंबईला आला होता. आमच्यासारख्यांनी लोकल पकडली.

त्यांच्या वेष्टनांवर एडी नावाचा एक सांगाडा असतो, त्याला भले भले बिचकतात. याचे मला नवल वाटते. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२चे, म्हणजे इसवी सन १०६०चे. ज्या देवाला रुंडमाळ शोभते, स्मशान आवडते, त्याच्या दारात वाढलेल्या माणसाने कागदावरच्या कवटीला का भ्यावे?

मेटालिका या अमेरिकन बँडविषयी थोडक्यात. 'मास्टर ऑफ पपेट्स', १९८६, व्यसनाने माणसाची कळसूत्री बाहुली कशी होते त्यावर आहे. पण मला त्यांचे १९८८चे 'वन' अधिक लागते. हातपाय, डोळे, कान, वाचा सारे युद्धात गमावलेला एक सैनिक, शुद्धीवर, खाटेवर पडलेला. डाल्टन ट्रंबोच्या १९३९च्या कादंबरीतला. आरंभी गाणे किती मृदू! आणि मग ड्रमवर दोन्ही पाय एकदम चालू लागतात, आणि ती मशीनगन होते. लष्कराचा माल जिथे तयार होतो, त्या गावात राहून हे ऐकताना मला आवाज वाढवावासा वाटत नाही. त्याच बँडच्या २००३च्या 'सेंट अँगर'मध्ये मात्र ड्रमऐवजी पत्र्याचा डबा बडवल्यासारखा आवाज आहे. डबे आम्ही दिवसभर ऐकतो; त्यासाठी पैसे कोण मोजणार?

आपल्याकडेही हे वाजते. धोबी तलावच्या रंगभवनात पोरांची गर्दी उसळायची. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळा, इस्पितळे, न्यायालये यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरवले, आणि तिथले मोठ्या आवाजाचे कार्यक्रम बंद झाले. नियम योग्य आहे. हळहळही योग्य आहे. मुंबईतल्या एका बँडने स्वतःचे नाव 'भयानक मौत' ठेवले आहे. हे नाव आईला सांगून तालमीला कसे जायचे, हा प्रश्न त्यांनी सोडवला असेलच.

बोटांचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. आमच्या भागातल्या एका छोट्या कारखान्यात प्रेसवर काम करणारा माझा एक स्नेही बेंजो पार्टीत असतो. गणपतीत, लग्नात त्याची बटणे दाबायची बोटे बघत लोक उभे राहत. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली, आणि बेंजो कपाटावर गेला. मी त्याला आयोमीची सगळी कहाणी सांगितली. त्याने मध्ये एक शब्दही काढला नाही. शेवटी म्हणाला, "टोप्या कशाच्या केल्या त्याने?"

"प्लॅस्टिकच्या. वरून चामडं."

"चामडं कशाला?"

"पकड यावी म्हणून. नुसतं प्लॅस्टिक निसटतं."

"बरोबर," तो म्हणाला. त्या रविवारी आम्ही लेथवर नायलॉनच्या टोप्या कातल्या. पहिल्या जोडीत बोट आखडायचे. दुसरी बसली, पण बटणावरून घसरायची. तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला, तेव्हा जमले. जलद गाणी आता तो घेत नाही. संथ चालीची घेतो, आणि एकेका स्वरावर रेंगाळतो. मिरवणुकीतल्या पोरांना ते फारसे रुचत नाही. मला रुचते.

ऑझी ऑस्बर्न २२ जुलै २०२५ रोजी वारला, शहात्तर वर्षांचा होऊन. त्याच्या आधी सतराच दिवस, ५ जुलैला, बर्मिंगहॅममध्ये, जिथे तो वाढला त्याच वस्तीतल्या फुटबॉलच्या मैदानावर, तो शेवटचा गायला. कंपवाताने उभे राहवत नव्हते, म्हणून सिंहासनासारख्या खुर्चीत बसून. मूळचे चौघेही त्या दिवशी एकत्र वाजवायला उभे होते. आयोमीच्या बोटांवर टोप्या होत्याच.

ज्यांना आरंभ करून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी दोन सूचना. कारखान्यात आठ तास नव्वद डेसिबलपर्यंतचा आवाज ही कायद्याने मर्यादा मानलेली आहे. प्रेसशॉपमधून सुटून गाडीत कानात बोंडे घालणाराने ती आपली शिदोरी सकाळीच खाल्लेली असते. तेव्हा आवाज बेताचा ठेवावा. हे संगीत जड आहे ते आवाजाने नव्हे, हळू लावले तरी जडच राहते. आणि सुरुवात ब्लॅक सॅबथच्या १९७०च्या 'पॅरानॉइड' या अल्बममधल्या तिसऱ्या गाण्यापासून करावी. त्याचे नाव 'प्लॅनेट कॅराव्हॅन'. हाताने वाजवलेले कोंगा ड्रम, पाण्याखालून आल्यासारखा ऑझीचा आवाज, आणि अंतराळातला प्रवास. रात्रीच्या निवांत वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनाही ते चालेल. त्याच्या पाठोपाठ मात्र लगेच 'आयर्न मॅन' सुरू होते. तेव्हा हात बटणापाशी ठेवावा.