जुन्या घराचा ढासळता गिलावा

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, गुजराथच्या अगदीं सीमेवर, नवापूर हें गांव रंगावली नदीच्या कांठीं वसलें आहे. पूर्व खानदेशापेक्षां येथें पाऊस पुष्कळ. तेथील जुन्या घराच्या भिंतीनें चार महिने काय सोसलें तें आश्विनांत दिसूं लागतें. गिलाव्याला फुगवटे येतात, विटांवर पांढरा लोणा चढतो आणि सांध्यांतील चुना बोट लावतांच वाळूसारखा गळतो. घरधन्याला प्रथम आठवतें तें सिमेंट. गवंडीही तेंच सुचवितो. काम आठवड्यांत उरकतें व भिंत नव्यासारखी दिसते.

परंतु ती भिंत चुन्याची आहे, हें घरधनी विसरला तरी भिंत विसरत नाहीं. चुना सच्छिद्र असतो; आंत शिरलेली ओल त्यांतून बाहेर येऊन वाऱ्यावर सुकते. सिमेंटाचा घट्ट थर ही वाट अडवितो. मग ओल मऊ विटेंतून वाट काढते, क्षार तिथेंच सांठतात, आणि कांहीं वर्षांनीं वरचा पापुद्रा शाबूत राहून मागची वीट भुगा होते. दुरुस्तीनेंच भिंत मारण्याचा हा प्रकार!

म्हणून आधीं पाण्याचा शोध घ्यावा. फुटलेलें कौल, तुंबलेली पन्हळ, जोत्याशीं सांचणारें पाणी, यांचा बंदोबस्त केल्याविना थापी हातीं घेणें व्यर्थ. मग बोटांनीं गिलावा वाजवून पाहावा. पोकळ बोलेल तेवढाच काढावा. सांधे इंचभर खरवडावे. लोणा कोरड्या कुंच्यानें झाडावा. धुतल्यास तो पुन्हां भिंतींत मुरतो.

चुनकळी विरवून निदान पंधरा दिवस पाण्याखालीं मुरवावी. विरवितांना ती उकळते, डोळे सांभाळावे. एक भाग चुना व तीन भाग स्वच्छ वाळू यांचा माल भिजविलेल्या सांध्यांत दाबून भरावा. ओलीच्या जागीं थोड्या वाळूऐवजीं सुरखी घालावी, म्हणजे चुना ओलींतही धरतो. गिलाव्यांत तागाचे बारीक तंतू मिसळल्यास तडे कमी जातात. ही युक्ति जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचें संशोधकांनीं 2016 सालीं प्रसिद्ध केलें.

थर अर्ध्या इंचाहून जाड नसावा. चुना नुसता वाळून घट्ट होत नाहीं. हवेंतील कर्बवायु शोषून तो सावकाश पुन्हां दगड बनतो. त्यासाठीं आठ-दहा दिवस भिंतीवर ओलें गोणपाट ठेवावें, आणि काम दिवाळीनंतरच्या थंडींत काढावें. लंबांतून सुटलेल्या भिंतीला मात्र गवंड्याआधीं अभियंता दाखवावा.