पवित्र प्रभाकर : कागदावरून पडद्यावर



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर स्पायडरमॅन कशाला, अशी शंका वडीलधाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु चित्रकथेचा चित्रपट करताना जो प्रश्न पडतो, तोच परप्रांती संसार मांडलेल्या आम्हां मंडळींपुढेही आहे : सोबत काय न्यावे आणि मागे काय ठेवावे?

२००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी या अमेरिकन नायकाला भारतीय अवतार दिला. पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला. बेनकाकांचे भीमकाका झाले, मेकाकूंच्या मायाकाकू झाल्या. केवळ नावेच बदलली असती तर ते सोंग ठरले असते. येथे किरणोत्सर्गी कोळ्याचा दंश जाऊन योग्याचे वरदान आले, आणि खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईस आलेला, धोतर नेसणारा नायक उभा राहिला.

कागदावर दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वाचक नायकाची उडी मनाने पुरी करतो. पडद्यावर तीच उडी सेकंदाला २४ चौकटींनी दाखवावी लागते. त्यात सारे गुळगुळीत होऊन चित्रकथेचा जीव हरपण्याचे भय असते. ‘स्पायडर-मॅन : इनटू द स्पायडर-व्हर्स’ या २०१८ च्या अॅनिमेशनपटातील कलावंतांनी म्हणून अनेक ठिकाणी एकच चित्र दोन चौकटी स्थिर ठेवले, म्हणजे सेकंदाला १२ चित्रे. छपाईचे ठिपके आणि शब्दांच्या चौकटीही त्यांनी मुद्दाम राखल्या. जे दोष म्हणून पुसता आले असते, तेच ओळख म्हणून जपले.

२०२३ साली ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ या पुढील भागात पवित्र अवतरला. मुंबई आणि मॅनहॅटन मिळून झालेल्या त्याच्या ‘मुंबटन’ नगरीसाठी इंद्रजाल कॉमिक्सच्या रंगरेषांचा आधार घेण्यात आला. ज्यांनी वेताळाच्या कथा मराठीतून वाचल्या, त्यांना ते रंग परिचित वाटावेत.

या प्रवासात खेडे मात्र मागे राहिले. चित्रकथेतील पवित्र शहरात नवखा होता. चित्रपटातील पवित्र तेथे पूर्ण रुळलेला आहे. घरदार सोडून येथे आलेल्या आमच्या पिढीला पहिला जवळचा वाटेल. येथेच जन्मलेल्या आमच्या मुलांना दुसरा. तथापि हा रुळलेला मुलगाही ‘चाय टी’ म्हणणाऱ्या पाहुण्याला सुनावतो की, चाय म्हणजेच टी! खेडे सुटले, धोतर राहिले, मायाकाकू राहिल्या आणि शब्दाचा अभिमानही राहिला.

हा चित्रपट भारतात दहा भाषांतून प्रदर्शित झाला. त्यांत मराठीही होती. आमच्यापैकी किती घरांतून तो मराठीत पाहिला गेला, हे आम्ही आपापल्या मनाला विचारावे. मुलांनी आमचे बालपण जसेच्या तसे गिरवावे, हा हट्ट आम्हांला सोडावा लागेल. त्यांचे नायक त्यांचेच असोत. त्या नायकांविषयी घरात मराठीतून बोलणे मात्र आमच्या हाती आहे. मंडळाच्या बालविभागाने मुलांना स्वतःची मराठी चित्रकथा रेखाटावयास सांगावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.