गावात सिनेमा दाखवायचा तो कशासाठी?

(कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. अंकासाठी थोडं कमी करून लिहिलं आहे.)



काल दिवसभर जमिनीच्या दाव्यांवर बोलणं झालं. आज मला विषय दिला आहे गावात लागणाऱ्या व्हिडिओचा. काही जणांना वाटेल, प्लॉटवर फॉरेस्टवाले खड्डे खणायला आले आहेत आणि ही सिनेमाचं काय काढून बसली? पण दोन्ही गोष्टींचा संबंध आहे. तोच सांगायला मी उभी आहे.

आपल्या पाड्यावर व्हिडिओ कसा येतो ते आधी बघा. लग्नात येतो, शिमग्याला येतो, निवडणूक जवळ आली की न बोलवता येतो. टीव्ही, व्हिसीआर, जनरेटर जीपमधून उतरतात. पैसे कोण देतो? कधी दुकानदार, कधी गुत्तेवाला, कधी मतं मागणारा. जो पैसे देतो तोच कॅसेट निवडतो. पहिला पिक्चर संपतो, दुसरा लागतो, तिसरा लागतो. बाजूला दारू खपत असते. रात्री उशिरा बाया पोरांना घेऊन घरी जातात, कारण पुढं काय लागणार ते त्यांना माहीत असतं. सकाळी गाव झोपलेलं असतं. एक अख्खी रात्र सगळं गाव एका जागी बसलं होतं, पण कामाचा एक शब्द कोणी बोललं नाही. ग्रामसभेला बोलवा, वीस माणसं येत नाहीत. व्हिडिओला सगळा पाडा येतो. मग ही रात्र आपण दुसऱ्याच्या हातात का द्यायची?

आणि त्या कॅसेटमध्ये आपण कसे असतो? कमरेला पानं, तोंडाला काळं, हातात भाला. हिरो-हिरॉईनला खांबाला बांधून भोवती नाचणारे जंगली. आपली पोरं ते बघून हसतात. नंतर तीच पोरं तालुक्याच्या शाळेत गेली की त्यांना त्याच नावानं चिडवतात. नागली पेरणारा, वरई काढणारा, दंडाची पावती घेऊन कचेरीत चार-चार तास उभा राहणारा आदिवासी त्या पडद्यावर कधी येत नाही.

कोणी म्हणेल, मग बंदच करा व्हिडिओ. मी तसं म्हणत नाही. रात्रभर जागून खेळ बघणं आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा आठवा. त्याला पैसे लावायला बाहेरचा शेठ लागतो का? गाव वर्गणी काढतं. कोणाच्या घरानं कोणतं सोंग घ्यायचं ते ठरलेलं असतं. संबळ वाजवणारे आपले, टेंभा धरणारे आपले, बघणारेही आपले. खेळ गावाचा, म्हणून रीतही गावाची. व्हिडिओची रीत तशीच गावानं ठरवली पाहिजे.

सिनेमासुद्धा वर्गणीतून होतो. शेजारच्या गुजरातेत झाला आहे. 1976 साली श्याम बेनेगल यांनी 'मंथन' काढला. दूध सोसायटीची गोष्ट आहे. त्याला पैसा दिला गुजरातच्या दूधवाल्या शेतकऱ्यांनी. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले, दहा लाख झाले, आणि पिक्चर झाला. पाच लाख गरीब माणसं पिक्चर काढू शकतात, तर आपला एक पाडा जनरेटरच्या डिझेलपुरती वर्गणी काढू शकत नाही का?

आता संघटनेनं गेल्या हंगामात काही पाड्यांवर व्हिडिओ लावले त्याबद्दल. आम्ही आधी 'आक्रोश' दाखवला. गोविंद निहलानींचा 1980 चा पिक्चर, लिहिला विजय तेंडुलकरांनी. त्यात लहान्या भिकू नावाचा आदिवासी आहे. त्याच्या बायकोवर गावातले मोठे लोक अत्याचार करतात, तिला मारतात, आणि खुनाचा आरोप लहान्यावरच येतो. त्याचा वकील विचारून विचारून थकतो, पण लहान्या तोंड उघडत नाही.

पिक्चर संपल्यावर आम्ही टीव्ही बंद केला, कंदील मध्ये ठेवला आणि एकच प्रश्न विचारला: लहान्या का बोलत नाही? आधी सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, बोलून उपयोग काय, कोर्ट त्यांचंच. दुसरा म्हणाला, तो बोलला असता तर घरातल्या बाकीच्यांना पण मारलं असतं. मग मागून एक बाई बोलली. ती म्हणाली, "तो एकटा आहे म्हणून बोलत नाही. त्याच्या पाड्यातली माणसं कुठं आहेत? कोर्टात एक तरी आला का?" भावांनो, तीन दिवसांच्या शिबिरात आम्ही जे सांगतो ते त्या बाईनं एका वाक्यात सांगितलं. आणि ही बाई ग्रामसभेत कधी बोललेली नव्हती.

दुसऱ्या पाड्यावर आम्ही आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची 'नर्मदा डायरी' लावली. 1995 चा माहितीपट आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांची लढाई त्यात आहे. ॲक्टर कोणी नाही, खरी माणसं आहेत. आमच्यातल्या एका पोरानं मध्ये मध्ये कॅसेट थांबवून वारलीत सांगितलं. लोक म्हणाले, ही तर आपल्यासारखीच माणसं, आपल्यासारखीच घरं.

नंतर बोलणं आपल्या प्लॉटवर आलं. एक आजी उठली. तिच्या सासऱ्यानं कोणती जागा कधी साफ केली, तेव्हा तिचा कोणता पोरगा पाठीवर होता, फॉरेस्टवाल्यानं कोंबडी नेली की बोकड नेला, सगळं तिनं सांगितलं. तिला बघून आणखी दोन म्हातारे बोलले. बारावीतल्या एका पोरीनं वहीत लिहून घेतलं.

याची किंमत तुम्हाला माहीत आहे. 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय होता. आपण त्याच्या आधीपासून जमीन कसतो, पण साहेब कागद मागतो. कागद कुठून आणायचा? पावती दिलीच नाही, किंवा दिली ती पावसात कुजली. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांची आठवण आहे. ती माणसं दर पावसाळ्यात कमी होत आहेत. त्यांचं बोलणं आज लिहिलं नाही, तर उद्या दाव्याला साक्ष कोण देणार? कचेरीत विचारलं तर आजी घाबरते. खळ्यात, आपल्या माणसांत, आपल्यासारख्यांची गोष्ट बघितल्यावर ती बोलते. म्हणून मी म्हणते की व्हिडिओ आणि प्लॉट यांचा संबंध आहे.

पण नुसती कॅसेट लावून हे होत नाही. आमच्या अनुभवातून काही गोष्टी ठरल्या आहेत, त्या तुम्ही आपापल्या पाड्यावर मांडा.

एक. कोणता पिक्चर लावायचा ते गावानं बसून ठरवायचं, बायांना विचारून. कार्यकर्त्यानं आधी तो पूर्ण बघायचा.

दोन. तिकीट लावायचं नाही. तिकीट लावलं की परवाना आला, पोलिसाला निमित्त मिळालं. वर्गणी घ्यायची, पैसे नसतील तर तांदूळ. हिशोब दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायचा. शेठ आणि पक्षवाल्याचा एक रुपया घ्यायचा नाही.

तीन. जेवणं झाली की लगेच सुरू करायचं. एका रात्री एकच पिक्चर. बाया आणि म्हातारी माणसं पुढं बसतील. दारूवाला खळ्याच्या आसपास दिसता कामा नये.

चार. टीव्ही लहान असतो, मागच्याला नुसता आवाज येतो. म्हणून तीन पाडे एकत्र करू नका, प्रत्येक पाड्यावर वेगळा लावा. हिंदी कळत नाही तिथं थांबवून आपल्या बोलीत सांगा.

पाच. संपल्यावर बसायचं. प्रश्न एकच ठेवा, दहा नको. आणि वही-पेन घेऊन एक जण बसलाच पाहिजे. बोलणाऱ्याचं नाव, जागेचं नाव, खुणेचं झाड, ओहोळ, सगळं लिहा.

करमणूक नकोच असंही नाही. 'जैत रे जैत' लावा. ठाकरांची गोष्ट आहे, गाणी सगळ्यांना आवडतात. पण गाणी संपल्यावर विचारा की लिंगोबाच्या डोंगरावर हक्क कोणाचा, मध काढणाऱ्याचा की फॉरेस्टचा? बघा पोरं काय उत्तर देतात.

फॉरेस्टवाले म्हणतील, रात्री माणसं कशाला जमवता? त्यांना सांगा, 1996 च्या डिसेंबरात संसदेनं आपल्या अनुसूचित भागासाठी पंचायतीचा कायदा केला आहे. आपली रीत, आपली ओळख आणि गावाची साधनसंपत्ती सांभाळायला ग्रामसभा सक्षम आहे असं त्यात लिहिलं आहे. गाव आपल्या खळ्यात बसून बोलतं, त्यात चोरी कसली?

आता भात झोडून झालं की माणसं भिवंडी-वसईकडं वीटभट्टीवर जातील. मग शिमग्यापर्यंत पाडे रिकामे. म्हणून दिवाळीनंतरचे थोडे दिवस आपल्या हातात आहेत. ज्या पाड्यांनी दाव्यांची यादी अजून केली नाही, त्यांनी आजच उठताना तारीख सांगा. कॅसेट संघटनेकडून येईल. जनरेटर, खळं आणि वही तुमची.

जंगल-जमीन कोणाची? आमची!
जोहार. जिंदाबाद.