अपूचा आवाज कोणाचा?

(मांजरसुंबा येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मित्रांनो, मैत्रिणींनो, आज मी तुमच्याशी एका कार्टूनबद्दल बोलणार आहे. हसू नका. ती पिवळ्या तोंडाची माणसे तुम्ही मोबाइलवर पाहिलेली आहेत. ‘सिम्पसन्सवाल्यांनी हे आधीच दाखवलं होतं’ असे रील्स तुमच्यातल्या अनेकांनी पुढे पाठवले असतील. ती भाकिते बाजूला ठेवू. त्या मालिकेने आपल्या देशाचे काय चित्र दाखवले, ते आज पाहू. बीड जिल्ह्यातला आणि त्यात मुसलमान तरुण म्हणून तुमच्या वाट्याला जे येते, त्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे.

‘द सिम्पसन्स’ डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि अजून चालू आहे. १९९० मध्ये तिच्यात एक भारतीय आला. त्याचे नाव अपू, आडनाव नाहासापीमापेटिलॉन. असे आडनाव भारतात कुठेच नाही. ऐकून हसू यावे म्हणूनच ते रचलेले. अपू छोटे किराणा दुकान चालवतो, ते रात्रंदिवस उघडे असते. गिऱ्हाईक गेले की ठरलेले एक वाक्य म्हणतो, तेही विशिष्ट हेल काढून. त्याचे लग्न घरच्यांनी ठरवलेले. पुढे त्याला एकदम आठ मुले होतात.

आता न्यायाने बोलू. अपू वाईट माणूस नाही. तो कष्टाळू आहे, शाकाहारी आहे, संगणकशास्त्रात डॉक्टरेट केलेला आहे. १९९६ च्या एका भागात तर गावातले लोक परदेशातून आलेल्यांना हाकलायला निघतात. अपू घाबरून खोटे कागद मिळवतो आणि अमेरिकन असल्याचे सोंग आणतो. मग त्याचे मन त्याला खाते. शेवटी तो परीक्षा देऊन रीतसर नागरिक होतो. कागदाची भीती काय असते हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको. हा भाग लिहिणाऱ्यांना ती कळली होती.

मग तक्रार कशाची? तक्रार आवाजाची. अपूचा आवाज हँक अझारिया या गोऱ्या अमेरिकन नटाचा होता. त्याने तो हेल उचलला १९६८ च्या ‘द पार्टी’ या सिनेमावरून. त्या सिनेमात पीटर सेलर्स या इंग्रज नटाने तोंडाला रंग फासून भारतीय माणसाचे काम केले होते. म्हणजे एका गोऱ्याने केलेल्या नकलेची दुसऱ्या गोऱ्याने केलेली नक्कल. या नकलेसाठी अझारियाला १९९८ मध्ये एमी पुरस्कारही मिळाला. आणि ही नक्कल घराघरात गेली, तेव्हा अमेरिकन टीव्हीवर नाव घेण्याजोगा दुसरा भारतीय जवळपास नव्हताच. त्यामुळे शाळेत भारतीय पोराला ‘अपू’ म्हणून चिडवायचे, त्याच्या आईवडिलांच्या बोलण्याची नक्कल करायची, हे सर्रास चालले.

अशाच पोरांपैकी एक हरी कोंडाबोलू. न्यूयॉर्कमध्ये वाढलेला, तेलुगू घरातला, विनोद हाच त्याचा धंदा. त्याने २०१७ मध्ये ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट केला. एक गोष्ट नीट ऐका. हा माणूस सिम्पसन्सचा चाहता होता. मालिका बंद करा, असे तो म्हणाला नाही. तो कॅमेरा घेऊन आपल्यासारख्या नट-नट्यांकडे गेला आणि तुमच्या वाट्याला काय आले, असे विचारत गेला. मुंबईत जन्मलेले आसिफ मांडवी त्यात आहेत, काल पेन आहेत, सकीना जाफरी आहेत. प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी होते.

मालिकेचे उत्तर एप्रिल २०१८ मध्ये आले. लिसा, म्हणजे त्या घरातली सगळ्यात समंजस मुलगी, पडद्यातून आपल्याकडे बघून म्हणते, की जे पूर्वी लोकांना आवडायचे ते आता चुकीचे ठरते, मग करायचे तरी काय? शेजारी अपूचा फोटो. ही सरळ झटकाझटकी होती.

अझारिया मात्र विचार करत राहिला. जानेवारी २०२० मध्ये त्याने अपूचा आवाज सोडल्याचे सांगितले. २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली. तेव्हा त्याने आपल्या मुलाच्या शाळेतल्या एका सतरा वर्षांच्या भारतीय मुलाचा किस्सा सांगितला. त्या मुलाने सिम्पसन्स कधी पाहिलीसुद्धा नव्हती. पण ‘अपू’ या शब्दाने आपल्याला काय म्हटले जाते, ते त्याला पक्के ठाऊक होते. कार्टून न पाहताच त्याच्या कपाळी त्याचा शिक्का बसला होता.

मग अपूचे काय झाले? गोऱ्या नटांनी इतर वंशांच्या पात्रांना आवाज द्यायचा नाही, असे मालिकेने जून २०२० मध्ये जाहीर केले. कार्ल या काळ्या पात्राला काळ्या नटाचा आवाज मिळाला. अपूला मिळाला नाही. तो अधूनमधून गर्दीत उभा दिसतो, पण बोलत नाही. आवाज बदलायला हवा होता, तिथे आवाजच बंद केला. चेष्टा थांबली, पण माणूसही गेला. हा न्याय नव्हे.

आता आपल्या घरात पाहू. दखनी बोली आपल्या आयांची. ‘गुमनाम’मध्ये, १९६५ साली, मेहमूद यांनी ती बोलून लोकांना हसवले. त्याच मेहमूद यांनी तीन वर्षांनी ‘पडोसन’मध्ये तमिळ मास्तरांची नक्कल केली आणि आपण पोट धरून हसलो. तमिळ माणसाला काय वाटले असेल, हे आपण विचारले नाही. म्हणून हा प्रश्न फक्त गोऱ्यांचा नाही. ज्याच्या हातात कॅमेरा, तो दुसऱ्याच्या बोलीवर हसतो.

मग विनोदच करू नये का? करावा. पण हसू कोणावर, ते पाहावे. २००८ मध्ये सिम्पसन्सचा एक भाग आला. जॉर्डनमधून आलेले मुसलमान कुटुंब शेजारी राहायला येते. मुले लगेच दोस्त होतात. होमर मात्र दारूच्या गुत्त्यावरच्या गप्पा ऐकून त्यांना दहशतवादी समजतो. त्या मुलाचे वडील इमारती पाडायचे रीतसर काम करतात, आणि सगळा घोटाळा होमरच्या संशयाने होतो. इथे आपण त्या कुटुंबावर हसत नाही, संशय घेणाऱ्यावर हसतो. मालिका तीच, पण एका ठिकाणी हसू दुबळ्यावर पडते आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्वग्रहावर. हा फरक ओळखायला शिका.

आपण बसलो आहोत त्या मांजरसुंब्याच्या चौकातून धुळे-सोलापूर महामार्ग जातो, इथूनच केज-अंबाजोगाईचा रस्ता फुटतो. मस्साजोग याच रस्त्यावर. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सरपंचांची हत्या झाली, ती भयंकरच होती, आणि तिचा न्याय झालाच पाहिजे. पण त्यानंतर ‘बीडचा आहे’ म्हटले की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे तुम्ही पुण्यात खोली शोधताना पाहिले असेल. लाखो लोकांच्या जिल्ह्याचे एकच चित्र. त्यात नाव मुसलमानाचे असले, तर दोन चित्रे एकावर एक. आणि मराठी मालिका लावा: मुसलमान घर किती वेळा दिसते? दिसले तरी ‘हम जाता, तुम आता’ असे मोडके बोलणारे. या गावच्या मुसलमान म्हातारीचे मराठी ऐकले असते, तर ते लिहिणारा लाजला असता.

याला उत्तर आरडाओरडा नाही, गप्प बसणेही नाही. अपू अमेरिकेत आला त्याच १९९० साली याच महामार्गावरच्या सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. आमच्याबद्दल कोणी चांगले लिहा, अशी विनंती करायला ती माणसे जमली नव्हती. ती स्वतः लिहिणारी होती. त्याआधी बार्शीच्या अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठीत गाऊन मैदाने भरवली. त्यांची ओळख करून द्यायला मधल्या माणसाची गरज पडली नाही.

तुमच्या हातात आज कॅमेरा आहे. आवाज तुमचाच आहे. तुमच्या आजीची दखनी, ऊसतोडीला गेलेल्या शेजाऱ्याचे मराठी, ईदच्या दिवशीची गल्ली, पेपर फुटल्यावरचा राग, सगळे दाखवा. त्यात विनोदही करा, आपल्या मौलवीवर, आपल्या मामूवर, आपल्या स्वतःवरसुद्धा. फक्त शेजारच्या गल्लीतल्या माणसाची नक्कल करण्याआधी एकदा त्याच्याशी बोला. तुमची नक्कल करणाऱ्याने जे केले नाही, ते तुम्ही करा.

काही प्रश्न असतील तर विचारा.