चौथा रकाना



दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा आमच्या मार्कंड्याला आली की उत्तरेकडे वळते. या वळणावर महादेवाची जुनी मंदिरं आहेत. महाशिवरात्रीला इथं मोठी यात्रा भरते. इथली कथा आपल्याला ठाऊक असेलच. मार्कंडेयाचं आयुष्य सोळा वर्षांचं, तसं लिहूनच ठेवलेलं. पण त्यानं पिंडीला मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हातानं परतावं लागलं. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला प्रश्न पडायचा, मग चित्रगुप्ताच्या वहीचं काय झालं? लिहिलेला आकडा त्यानं खोडला असेल ना?

पुढे तशीच एक वही माझ्या हाती आली. चामोर्शी तालुक्यात मी आरोग्य सहाय्यक होतो. कोरोनाच्या काळात रोज संध्याकाळी गावांचे आकडे गोळा करून वर कळवायचे, हे माझं काम. किती तपासले, किती बाधित निघाले, किती दगावले. तीन रकाने.

२०२० च्या सुरुवातीला हे काम सोपं होतं. मे महिन्याच्या मध्यापर्यंत गडचिरोली जिल्ह्यात एकही रुग्ण नव्हता. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले मजूर पायी परतत होते, त्यांना शाळेत थांबवत होतो. डोळ्यांना जे दिसत होतं तेच पेपरात छापून येत होतं. त्यामुळे लोकांचा आकड्यावर विश्वास होता. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये मात्र दोन्हींचा मेळ बसेना.

एक दिवस पानठेल्यावर थांबलो होतो. एक जण म्हणाला, "आठ दिवसात गावात चार तिरड्या उठल्या, अन् पेपरात शून्य!" दुसरा लगेच म्हणाला, "कायचं शून्य जी? आकडे तर फुगवून राहिले. एका पेशंटमागं पैसे भेटते म्हणते." दोघंही मला ऐकू जावं म्हणूनच बोलत होते. एकाच्या मते आकडा लहान, दुसऱ्याच्या मते मोठा. पण लिहिणारा काहीतरी लपवतो, यावर दोघांचं एकमत.

मी लपवत नव्हतो. तरीही त्या शून्यात माझा हात होता, आणि तीच गोष्ट आज सांगायची आहे.

आमच्या भागातल्या एका मावशींचे यजमान पाच दिवस तापात होते. मी दोनदा घरी जाऊन आलो. चाचणीचं नाव काढलं की ते भिंतीकडे तोंड करत. सेंटरमध्ये नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती घरोघर होती. सहाव्या दिवशी पहाटे धाप लागली आणि गाडी येईपर्यंत सगळं संपलं. त्या संध्याकाळी मी लिहिलं, मृत्यू शून्य. नियमानं ते बरोबर होतं. चाचणी नाही म्हणून रुग्ण नाही आणि रुग्ण नाही म्हणून कोरोनाचा मृत्यू नाही. ग्रामसेवकांच्या मृत्यू नोंदवहीत त्यांचं नाव चढलं. पण ती वही वेगळी आणि माझा तक्ता वेगळा.

तेरवीनंतर मावशींनी मला ओट्यावर बसवलं. म्हणाल्या, "बाबू, आमचा बुढा कोणत्या आकड्यात हाय?"

"नोंद झाली मावशी, ग्रामपंचायतीत."

"ते तं मेल्याची नोंद. कायनं मेला, ते कुठी लिवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. चहा तसाच ठेवून मी उठलो.

श्रोतेहो, रोजचा आकडा म्हणजे आजाराचा आकडा नसतो. जेवढा आजार चाचणीच्या जाळ्यात सापडला, तेवढ्याचा तो आकडा. जाळं लहान तर मासे कमी. हे उघड सांगितलं असतं तर कुणी चिडलं नसतं. आपल्या राज्यानं १६ जून २०२० रोजी आधी नोंदायचे राहिलेले १३२८ मृत्यू एकदम यादीत घेतले. त्यातले ८६२ एकट्या मुंबईतले होते. टीका झाली. पण चूक दुरुस्त करणारा आकडा हा खरं तर जास्त विश्वासाचा, असं मला वाटतं. २०२१ च्या जूनमध्ये बिहारनंही असेच जवळजवळ चार हजार मृत्यू वाढवून घेतले.

देशाचा हिशेब अजून वादात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये अंदाज दिला की २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले. सरकारी यादीत त्या दोन वर्षांचे पाच लाखांच्या आत होते. केंद्र सरकारनं अंदाजाची ती पद्धत अमान्य केली. पुढे मे २०२५ मध्ये सरकारचेच जन्म-मृत्यू नोंदणीचे आकडे आले. २०२० मध्ये देशात ८१ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२१ मध्ये एक कोटी दोन लाख. ही सगळी वाढ कोरोनाची नव्हे, नोंदणीही सुधारली असेल. पण ग्रामसेवकांच्या साध्या वहीनं जे धरून ठेवलं, ते माझ्या तक्त्यातून गळलं होतं, एवढं नक्की.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आपला हा भाग मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता. देशात सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत होता. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर ठाण्यावर द्यायचा आणि बहुतेक मृत्यूंपुढे 'ताप' एवढंच लागायचं. देशातल्या बळींचा पहिला सरकारी अंदाज ६० लाखांच्या आसपास होता. १९२१ च्या जनगणनेत माणसंच कमी भरली, तेव्हा तो अंदाज दुपटीवर गेला.

मोजणीवर विश्वास कसा मिळवायचा, याचा धडाही आमच्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं आणि जगानं ते मानलं. कारण आधी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू गावातूनच टिपला होता. त्याच जिद्दीतून २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला. राज्यातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा किती तरी जास्त आहेत, हे त्यानं दाखवून दिलं.

मी काही संशोधक नव्हे. मावशींच्या ओट्यावरून उठल्यानंतर एवढंच केलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज आकडे लिहू लागलो, तीन रकान्यांपुढे चौथा ओढून. 'चाचणी न होता तापानं गेलेले.' नाव कुणाचंच नाही, फक्त संख्या. आशाताई आणि ग्रामसेवक यांच्या वह्या रोज ताडून पाहू लागलो. तिसऱ्या दिवशी वरून फोन आला, "हा रकाना कोणत्या नमुन्यात आहे?" मी म्हणालो, "कोणत्याच नाही, साहेब. पण गावाला ठाऊक आहे." पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग फोन ठेवला गेला. फळा राहिला.

चमत्कार झाला नाही. पानठेल्यावरचे दोघं तसेच भांडत राहिले. पण त्या आठवड्यात एक सासू सुनेला घेऊन आपण होऊन चाचणीला आली. म्हणाली, "तुमी खरं लिवता, तं खरं सांगता बी असाल." नंतर आणखी काही आले.

पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोरोनानं मृत्यू झालेल्यांच्या घरच्यांना ५० हजार रुपये देण्याची योजना मान्य केली. आपल्या राज्यात यादीतल्या मृत्यूंपेक्षा अर्ज किती तरी अधिक आले. मावशींचाही एक होता. चाचणीचा कागद नव्हता, त्यामुळे तो नामंजूर झाला. माझ्या फळ्याचा तिथं काही उपयोग नव्हता. तो निकाल घेऊन त्यांच्या घरी जाताना पाय उचलत नव्हते. त्यांनी कागद घडी करून फोटोमागं ठेवला आणि विचारलं, "त्या फळ्यावरच्या चारात एक आमचा होता ना?" मी हो म्हणालो.

श्रोतेहो, पुन्हा साथ येईल तेव्हा आकडा किती, एवढंच विचारून थांबू नका. तो कसा मोजला, कोण मोजायचं राहिलं, हेही विचारा. आणि माझ्यासारख्या लिहिणाऱ्यांना सांगणं एवढंच, की जे मोजता आलं नाही त्यालाही वहीत जागा ठेवा, आणि चुकलं तर गावासमोर खोडा. मार्कंडेयासाठी चित्रगुप्तालाही खोडावंच लागलं असणार.