समुद्र, देऊळ आणि गावकरी
(कलशारोहण सोहळ्यातील सायंकाळच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. एस.एस.सी. झालो आणि तहसील कचेरीत कारकुनीला लागलो. समितीने आज्ञा केली म्हणून दोन शब्द बोलायला उभा आहे. देवळाच्या कामाविषयी आधीच्या वक्त्यांनी सांगितलेच आहे. मी एका दुसऱ्या गावच्या देवीची हकीकत सांगतो. ती आपल्या उपयोगाची आहे.

ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यात, समुद्राच्या काठी सातभाया म्हणून सात गावे होती. तिथली ग्रामदेवता पंचुबराही. पाच पाषाणमूर्ती, आणि पूजेचा मान विवाहित स्त्रियांचा. पुरुषाने मूर्तीला हात लावायचा नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. समुद्राने ती गावे एकामागून एक गिळली. शेते गेली, घरे गेली, शेवटी पाणी देवळापर्यंत आले. सरकारने आतल्या बाजूस बागपाटिया येथे 571 कुटुंबांसाठी वसाहत केली. एप्रिल 2018 मध्ये देवीलाही तिकडे न्यावे लागले. मूर्ती इतक्या जड की स्त्रियांना उचलेनात. तेव्हा रीत बाजूला ठेवून पुरुषांनी हात लावला. माणसे निघाली, म्हणून देवीही निघाली.

मी कारकून, माझे लक्ष कागदाकडे जाते. त्या कुटुंबांना प्रत्येकी 10 डेसिमल जागा मिळाली, म्हणजे आपल्या हिशेबाने 4 गुंठे, आणि घर बांधायला मदत. पण शेतजमीन मिळाली नाही. ज्याची शेती समुद्रात गेली त्याने 4 गुंठ्यांत घर बांधावे की भात लावावे? तेव्हा तरणी मुले मजुरीसाठी केरळ, तामिळनाडूकडे गेली. म्हणजे गाव एकदा समुद्राने हलवले आणि दुसऱ्यांदा पोटाने.

हे का होते? धूर आणि वायू वाढून पृथ्वी तापते आहे. तापलेले पाणी फुगते, डोंगरावरचे बर्फ वितळून समुद्रास मिळते. 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे एक वीत वाढली. सगळा दोष हवामानाचा नाही. नद्यांवर धरणे झाली, गाळ अडला, किनाऱ्याला माती मिळेना, हेही कारण आहे. परंतु वीतभर पाणी म्हणजे किती, हे खारबांधावर उभे राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. उधाणाला बांध राहतो की फुटतो, हे त्या वीतभरावरच ठरते.

आपल्याकडचेच पाहा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यास लागले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पंचनाम्याच्या कामावर मी होतो. एक म्हातारे बागायतदार म्हणाले, "भाऊसाहेब, पडलेले माड मोजलेत. पण पोरगा आता मुंबईस जातो म्हणतो, तो कुठल्या रकान्यात लिहाल?" मजजवळ तसा रकाना नव्हता.

आमच्या घरचीही तीच गोष्ट. वडिलांच्या वेळी खारबांधाला खांड पडली. आज बुजवू, उद्या बुजवू म्हणता दोन पावसाळे गेले. खारे पाणी शेतात बसले, मग तिवरे उगवली. धाकटा भाऊ नोकरीसाठी नालासोपाऱ्यास गेला, तो तिकडचाच झाला. सातबाऱ्यावर जमीन आहे. तिच्यात भात नाही. जमीन पाण्याने वाहून गेली तर आकार कमी करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये आहे. आकार कमी होईल, पण गेलेला भाऊ परत कसा येणार?

मंडळी, या देवळासाठी गावाने आणि मुंबईकरांनी घरटी वर्गणी दिली, बायाबापड्यांनी डोक्यावरून वाळू वाहिली. हीच एकी बांधाला मिळावी, एवढीच माझी विनंती आहे. दरवर्षी पावसाळ्याआधी घरटी एक माणूस श्रमदानाला यावा. मोठ्या उधाणानंतर बांध पाहून खांड दिसताच बुजवावी. कुठे, कधी, किती क्षेत्रात पाणी शिरले याची तारीखवार नोंद ठेवावी, छायाचित्र काढावे, ग्रामसभेचा ठराव करावा. वारसनोंदी रखडल्या असतील त्या पुऱ्या कराव्यात. 15व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या वर्षांसाठी धुपीमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाकरिता निधीची शिफारस केली होती. असा पैसा मागायचा तर हातात कागद लागतो, आणि कागद नसलेल्या माणसाला कचेरीत कसे परतावे लागते ते मी रोज पाहतो.

आणि उद्या खरोखरच हलण्याची वेळ आली, तर एकेकाने गुपचूप निघून जाऊ नये. सर्वांनी मिळून, घराबरोबर शेतही मागून हलावे.

नवा कलश चढला, फार आनंद झाला. पण सांजवात लावायला गावात माणूस हवा. तो इथे टिकावा, हीच आज देवीच्या पायाशी प्रार्थना.