स्थलांतरित मुले आणि शाळेची भाषा : स्वीडनचा अनुभव

परदेशातून आलेले मूल नव्या शाळेत रुळले की वर्ष-दोन वर्षांत मधल्या सुट्टीत तिथल्या मुलांच्या बरोबरीने बोलू लागते आणि त्याला भाषा आली असे समजून शिक्षक व पालक दोघेही निर्धास्त होतात. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून या समजातील धोका दाखवून दिला. संभाषणाच्या भाषेला समोरच्याचा चेहरा, हातवारे आणि प्रसंग यांचा आधार असतो. विज्ञानाचा उतारा किंवा गणितातील शाब्दिक उदाहरण समजून घेण्यासाठी जी अभ्यासाची भाषा लागते, तिला असा आधार नसतो. पहिली साधारण दोन वर्षांत येते, तर दुसरीत समवयस्कांची बरोबरी गाठायला पाच ते सात वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. या मधल्या वर्षांत मुलाच्या इतर विषयांचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

स्वीडनने १९७७ मध्ये स्थलांतरितांच्या मुलांना घरची भाषा शाळेत शिकण्याचा हक्क दिला. आज तेथील नगरपालिकेने, किमान पाच विद्यार्थी आणि योग्य शिक्षक मिळत असल्यास, मातृभाषेचे वर्ग चालवणे बंधनकारक आहे. ‘द्वितीय भाषा म्हणून स्वीडिश’ हा स्वतंत्र विषय असून त्यातील श्रेणी पुढील प्रवेशासाठी नेहमीच्या स्वीडिशइतकीच ग्राह्य धरली जाते.

२०१५ मध्ये सुमारे १ लाख ६३ हजार लोकांनी स्वीडनमध्ये आश्रय मागितला आणि त्यांत सुमारे ३५ हजार मुले पालकांविना आलेली होती. २०१६ पासून नवागत विद्यार्थ्याच्या पूर्वज्ञानाची पाहणी प्रवेशानंतर दोन महिन्यांच्या आत करणे सक्तीचे झाले. मूल आधी कोणत्या शाळेत आणि कोणत्या भाषेत शिकले, त्याला कशाची आवड आहे, हे दुभाष्याच्या मदतीने विचारले जाते आणि त्याचे वाचन व गणिती विचार त्याच्या सर्वांत पक्क्या भाषेत तपासले जातात. अरबी माध्यमातून अपूर्णांक उत्तम शिकलेली मुलगी केवळ स्वीडिश प्रश्न वाचता येत नाही म्हणून कच्ची ठरू नये, यासाठी ही तपासणी अत्यंत मोलाची आहे.

त्यानंतर मूल पूर्वतयारी वर्गात, म्हणजे नवागतांसाठीच्या स्वतंत्र वर्गात, जाऊ शकते. मात्र तेथे जास्तीत जास्त दोन वर्षे आणि तीही दिवसाचा काही भागच राहता येते, कारण नेहमीच्या वर्गापासून फार काळ तुटलेल्या मुलाला स्वीडिश बोलणारे सवंगडी भेटत नाहीत. नेहमीच्या वर्गात गेल्यावर त्याला अभ्यास-मार्गदर्शन मिळते : त्याची भाषा जाणणारी व्यक्ती शेजारी बसून प्रकाशसंश्लेषणाचा धडा त्या भाषेत उलगडते आणि पुन्हा स्वीडिश पाठाकडे आणते. संपूर्ण व्यवस्थेत हाच भाग सर्वांत सुज्ञ म्हणावा लागेल, कारण भाषा येईपर्यंत विज्ञान थांबत नाही. दुर्दैवाने असे मार्गदर्शक पुरेसे मिळत नाहीत आणि मातृभाषेचे वर्ग अनेकदा शाळा सुटल्यावर, मुले थकलेली असताना, भरतात.

पंधराव्या वर्षी येणाऱ्यांची अडचण सर्वाधिक बिकट आहे. उच्च माध्यमिकच्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठीही स्वीडिश, इंग्रजी, गणित आणि आणखी पाच विषयांत उत्तीर्ण व्हावे लागते. ज्या भाषेला पाच ते सात वर्षे लागतात, तिच्यासाठी त्यांच्या हाती दोन-तीनच वर्षे असतात.